तळघरातील पाणी आणि अपुरा पंप

वैशाखात व्याख्याने ऐकावयाची आणि आषाढात तळघरातले पाणी उपसावयाचे, असा पुष्कळ नगरवासीयांचा क्रम होऊन बसला आहे. पंप अपुरा पडला की मनात विचार येतो तो मोठ्या पंपाचा. आमचे म्हणणे असे की, पाणी किती येते व कोठून येते हे कळल्यावाचून दुसरा पंप घेऊ नये.

प्रथम किती ते पाहू. पंपाचा खड्डा 60 सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असेल, तर त्यात 1 सेंटिमीटर पाणी चढणे म्हणजे 3.6 लिटर पाणी येणे होय. पंप बंद ठेवून मिनिटात पाणी किती चढते ते पट्टीने मोजावे. 10 सेंटिमीटर चढले, तर आवक मिनिटाला 36 लिटर झाली. पंपावर लिहिलेला आकडा बहुधा अगदी कमी उंचीचा असतो; पाणी जितके वर चढवावे, तितके ते कमी निघते. शिवाय गाळाने तोंड बुजणे, तरंगता गोळा अडकणे, अथवा एकेरी झडप बिघडून नळीतले पाणी परत खड्ड्यात येणे, यांनीही चांगला पंप दुबळा ठरतो.

आता कोठून ते पाहू. पाऊस थांबताच आवक ओसरली, तर पाणी वरचे, म्हणजे गच्चीचे, अंगणाचे किंवा रस्त्याचे. पाऊस उघडूनही ती कित्येक दिवस टिकली, तर भूजल चढले आहे. भर उन्हाळ्यात ओल दिसली, तर नळ, टाकी किंवा गटार फुटले असावे. 200 चौरस मीटर गच्चीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10,000 लिटर पाणी होते. गच्चीचा पाइप पायाशीच सुटत असेल, तर त्यातले बरेचसे पाणी पुन्हा तळघराकडेच येणार! अशा वेळी तो पाइप लांब नेणे, अंगणाला बाहेरचा उतार देणे आणि तळघराच्या उतरणीच्या तोंडाशी उंचवटा बांधणे, हे नव्या पंपाहून स्वस्त व टिकाऊ काम होय. भूजलाला मात्र हे उपाय पुरत नाहीत. तेथे भिंतीच्या कडेने पाझरचर व जोडीला दुसरा पंप हवा. आणि वादळात वीज जाते, म्हणून त्यास बॅटरी किंवा जनित्रही हवे.

घाईने उपसण्यातही धोका आहे. बाहेर 1 मीटर पाणी उभे असेल, तर त्याचा तळाशी दर चौरस मीटरला 1 टन दाब होतो. आतले पाणी एकदम काढले, तर हा दाब एकट्या भिंतींवर व फरशीवर पडून त्या तडकतात. म्हणून बाहेरचे पाणी उतरल्यावर आतले थोडेथोडे, दोनतीन दिवसांत काढावे.

सर्वांत मोठा धोका जिवाचा. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात रस्त्याचे पाणी शिरले व तीन विद्यार्थी दगावले. तेव्हा पाणी चढू लागले की वाहन वा सामान वाचविण्यास खाली जाऊ नये. मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करता आला तर करावा. तो पाण्यापलीकडे असेल, तर वीज कंपनीकडून बाहेरूनच प्रवाह तोडवून घ्यावा.

जून लागण्यापूर्वी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून पंप आपोआप चालतो का, एवढे तरी आपण सर्वांनी पाहावे. पंप हा शेवटचा पहारेकरी आहे. पाण्याला वाटेतच अडविणारे आधीचे पहारे आपणच बसवावयाचे आहेत.