उभ्या गाडीचा वारा

पोर्शे ९४४ टर्बो १९८५ साली बाजारात आली. चार सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिन, २२० अश्वशक्ती, ताशी २४५ किलोमीटरचा वेग आणि शून्यावरून शंभर गाठायला ६.३ सेकंद. तिची आखणी वायसाखला झाली आणि जोडणी नेकारसुल्मच्या आउडी कारखान्यात. जर्मनीतल्या महामार्गांवर लांबच लांब टप्पे असे आहेत की तिथे वेगमर्यादा नाही, आणि ही गाडी अशाच रस्त्यांसाठी घडवलेली. पण त्या रस्त्यावर धावताना तिच्या रेडिएटरच्या मागे बसवलेल्या विजेच्या दोन फॅनना काहीच काम नसतं. समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवायला पुरतो. फॅनची गरज लागते ती गाडी सिग्नलला, टोलनाक्यावर किंवा घराच्या दारात उभी राहिल्यावर. एवढ्या वेगवान यंत्राचा जीव उभं असतानाच्या पाच-दहा मिनिटांवर अवलंबून असतो, आणि म्हणूनच त्याच्या फॅनबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

त्याच काळातली पोर्शे ९११ हवेवर थंड होणारी होती. इंजिन मागे आणि त्याच्यावर पट्ट्याने फिरणारा मोठा पंखा. इंजिन चालू आहे तोवर पंखाही चालू. ९११ला रेडिएटर मिळाला तो १९९७च्या पिढीत. ९४४ मात्र पहिल्यापासून पाण्याची गाडी. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि नाकात रेडिएटर. फॅन विजेवरचे असल्यामुळे ते गरजेपुरतेच फिरतात. रेडिएटरच्या कडेला बसवलेला थर्मोस्विच पाण्याचं तापमान ओळखतो. ते साधारण नव्वदीच्या पुढे गेलं की फॅन आधी हळू फिरतात आणि आणखी चढलं की पूर्ण वेगाने. एसी लावला तरीही ते सुरू होतात.

टर्बोमुळे हा हिशोब जास्त नाजूक होतो. इंजिनातून निघणाऱ्या तापलेल्या वायूवर टर्बोचं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात दाबून हवा भरतं. दांड्याचे फेरे मिनिटाला लाखावर जातात. ९४४मध्ये एक्झॉस्ट उजवीकडून बाहेर पडतो, पण टर्बो बसवलाय डावीकडे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. एक्झॉस्टची नळी आडवी फिरवून तिथवर नेली आहे. त्या दाटीत उष्णतेला बाहेर पडायला वाट फार कमी.

गाडी जोरात चालवून आणली आणि लगेच किल्ली फिरवून बंद केली, की ऑइलचा पंप थांबतो. टर्बोचं एक्झॉस्टकडचं कवच मात्र तसंच तापलेलं असतं. ती उष्णता दांड्यावरून बेअरिंगकडे सरकते, तिथलं थांबलेलं ऑइल जळतं आणि त्याचा काळा कडक थर बसतो. जुन्या टर्बो गाड्यांच्या बेअरिंगची वाट लागायची ती अशी. ९४४ टर्बोच्या अभियंत्यांनी बेअरिंगभोवती पाण्याची वाट काढली आणि इंजिन बंद झाल्यावरही काही काळ चालणारा एक छोटा विजेचा पंप जोडला. रेडिएटरचे फॅनही किल्लीवर अवलंबून ठेवले नाहीत. मालक किल्ली खिशात टाकून जिना चढून गेला तरी खाली पंप आणि फॅन आपलं काम उरकत असतात. मला या गाडीत सगळ्यात जास्त भावते ती ही तजवीज. वेग वाढवणं पुष्कळांना जमलं होतं, गाडी थांबल्यानंतरची काळजी फार थोड्यांनी घेतली.

असा फॅन बंद पडला की घाईने नवा आणून बसवू नये. फॅन फिरत नाही म्हणजे फॅनच गेला असं नसतं. आधी फ्यूज आणि रिले पाहायचे. मग थर्मोस्विचचं कनेक्शन काढून त्याच्या वायरी तात्पुरत्या जोडून बघायच्या. फॅन फिरला तर फॅन ठीक आहे, स्विच गेला आहे. नाही फिरला तर मोटरपाशी मल्टिमीटर लावायचा, तोही कनेक्टर जोडलेला ठेवून. कारण गंजलेल्या कनेक्टरमधून नुसता मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि मोटरचा भार आला की व्होल्टेज कोसळतं. दोनशे वॉटच्या मोटरला बारा व्होल्टवर सतराएक अँपिअर लागतात. एवढा प्रवाह वाहून न्यायला वायर, कनेक्टर आणि अर्थिंग तिन्ही धड हवेत. भारासकट बारा व्होल्ट पोचूनही मोटर ढिम्म असेल तर मात्र बहुतेक वेळा आतले कार्बन झिजलेले असतात किंवा बुश आवळलेला असतो.

काम सुरू करताना पहिला पाना बॅटरीच्या अर्थिंगला लावायचा. किल्ली काढलेली असली तरी फॅन सुरू होऊ शकतो, हे या गाडीचं वैशिष्ट्य तापल्या इंजिनात हात घातलेल्या माणसाला फार महागात पडतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. टर्बोमध्ये इंटरकूलर रेडिएटरच्या वर बसलेला आहे आणि त्याच्याकडून येणारे हवेचे जाड नळ वाटेत येतात. क्लिप सैल करून नळ बाजूला केले की लगेच त्यांच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. एखादा नट आत गेला तर तो पुढे इंजिनातच सापडणार. मग फॅन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, कारण रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना फॅनच्या चौकटीचा एक कोपरा जरी घासला तरी ओळच्या ओळ दबते. चौकटीचे बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सरळ येतात, नाहीतर तुटतात.

चौकट बाहेर आली की जुन्या फॅनचं पातं दोन बोटांनी फिरवून पाहावं. चांगली मोटर एकसारख्या हलक्या अडखळीने फिरते. बुश गेलेली खरखरते, आणि दांडा आडवा हलवला तर पातं डुलतं. पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे का, हे उजेडात धरून बघायचं. पूर्ण वेगात तुटलेलं पातं थेट रेडिएटरमध्ये घुसतं. दोन्ही फॅनचं वय सारखंच असतं, त्यामुळे एक गेला की दुसराही त्याच वेळी बदलावा.

इथे पैसे वाचवण्याचा एक मार्ग सुचवला जातो, आणि तो मला मान्य नाही. बाजारात कुठल्याही गाडीला बसणारे फॅन मिळतात आणि ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी थेट रेडिएटरच्या जाळीला बांधतात. गाडीच्या थरथरीने त्या पट्ट्या जाळी घासतात आणि एक दिवस गळती सुरू होते. शिवाय मूळ चौकट गेली की फॅन फक्त स्वतःसमोरच्या गोलातली हवा ओढतो, कोपरे तापलेलेच राहतात. मोटर दुसरी चालेल, पण मूळ चौकट सोडू नये.

नवी मोटर जोडताना वायरी उलट झाल्या तर फॅन उलटा फिरतो आणि हवा ओढायच्या ऐवजी पुढे ढकलतो. म्हणून सगळं बसवण्याआधी तो बॅटरीवर चालवून वारा इंजिनाच्या बाजूला येतोय ना, ते हाताला पाहायचं. काम करताना पाण्याचा होज काढावा लागला असेल, तर कूलंट भरताना इंजिनाच्या पुढच्या बाजूचा हवा काढायचा स्क्रू उघडून एअर लॉक काढल्याशिवाय गाडी चालवू नये. टायमिंग बेल्ट बदलतानाही जागा व्हावी म्हणून हे फॅन काढावे लागतात. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणजे बेल्ट वेळेवर बदलावाच लागतो. फॅन तपासायची तीच उत्तम वेळ.

चाळीस वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारमधली ही तजवीज आता आपल्याकडच्या साध्या गाड्यांत आली आहे. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुनच्या एक लिटर टर्बो इंजिनातही टर्बो थंड ठेवणारा विजेचा पंप असतो आणि तो इंजिन बंद झाल्यावरही चालू राहू शकतो. त्यामुळे गाडी लावल्यावर बॉनेटखालून घरघर ऐकू आली तर घाबरायचं कारण नाही.

तुमची गाडी कुठलीही असो, उन्हाळा तापायच्या आधी, फेब्रुवारी संपायच्या आत एकदा ती मोकळ्या जागेत उभ्याने चालू ठेवा आणि फॅन लागतो का ते पाहा. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला आणि तरी फॅन लागला नाही, तर इंजिन लगेच बंद करा, आणि ते पूर्ण गार होईपर्यंत कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नका.