विंडोज सॉफ्टवेअरचे घटक : शेतकरी उत्पादक कंपन्यांनी काय पडताळावे?

रायपूर शहरातील गुढियारी हा परिसर घाऊक बाजारासाठी ओळखला जातो. अशा बाजारपेठेशी व्यवहार करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीस वजन, दर, कपात व देय रक्कम यांची अचूक नोंद ठेवावी लागते. त्यासाठी विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर तयार करून घेताना बहुधा केवळ किंमत व पडद्यावरील मांडणी पाहिली जाते. सॉफ्टवेअर किती वर्षे टिकेल, हे मात्र त्यातील घटकांवर अवलंबून असते.

घटक म्हणजे काय?

कोणताही प्रोग्राम संपूर्णतः नव्याने लिहिला जात नाही. तारीख निवडणे, तक्ता दाखविणे, पावती छापणे ही कामे पूर्वलिखित घटकांकडून करून घेतली जातात. अशा घटकांच्या संचास लायब्ररी म्हणतात. विंडोजमध्ये ती सहसा डीएलएल फाइलच्या स्वरूपात असते. ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंट लिंकेजला नांगर किंवा पेरणी यंत्र जोडता येते; परंतु मापे जुळली तरच. त्याचप्रमाणे ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या प्रोग्राममध्ये थेट जोडता येत नाही.

तीन महत्त्वाची कामे

*वजन :* इलेक्ट्रॉनिक काट्यावरील आकडा सिरियल पोर्टद्वारे थेट संगणकात घेता येतो. डॉट नेटमध्ये त्यासाठी तयार घटक उपलब्ध आहे. त्यामुळे हाताने आकडा भरताना होणारी चूक टळते.

*रक्कम :* ०.१ सारखी संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी साठविता येत नाही. म्हणून 'फ्लोट' प्रकारात हिशेब ठेवल्यास अनेक पावत्यांच्या बेरजेत पैशांचा फरक पडू शकतो. रकमेसाठी 'डेसिमल' प्रकारच वापरावा.

*मराठी मजकूर :* विंडोज २००० पासून देवनागरीसाठी युनिकोडची सोय आहे. जुन्या अनेक फॉन्टांत मात्र देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सभासदाचे नाव निरर्थक रोमन अक्षरांत दिसते व त्याचा शोधही घेता येत नाही. अशा जुन्या नोंदी वेळीच युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात.

घटकांचे आयुष्य

व्हिज्युअल बेसिक ६ या विकाससाधनासाठी मायक्रोसॉफ्टचे साहाय्य ८ एप्रिल २००८ रोजी संपले. त्यात तयार झालेले अनेक प्रोग्राम आजही चालतात. परंतु त्यांतील एखादा ओसीएक्स घटक पुरविणारा व्यवसाय बंद झाला असल्यास त्याची दुरुस्ती दुरापास्त होते. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्यामुळे नव्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर नेताना प्रथम चाचणी घ्यावी.

करारापूर्वी पडताळावयाच्या बाबी

१. वापरलेल्या सर्व घटकांची आवृत्ती व परवान्यासह यादी लेखी घ्यावी.
२. परवाना एकरकमी आहे की वार्षिक, हे स्पष्ट करून घ्यावे.
३. मूळ प्रोग्राम-संहितेची प्रत कंपनीकडे राहावी.
४. सर्व नोंदी एक्सेल अथवा सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढता याव्यात.
५. इंटरनेट बंद असतानाही वजन व पावतीचे काम चालावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी ही यादी संचालक मंडळाच्या बैठकीत मांडावी. सॉफ्टवेअर बदलले तरी सभासदाच्या धान्याची नोंद शाबूत राहिली पाहिजे, हीच खरी कसोटी होय.