कुलूप आपले, किल्ली परक्याची

कपाटात मूळ सीडी जपून ठेवलेली आहे, वेष्टनावरचा अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतो, खरेदीची पावतीही फाइलला लावलेली आहे. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली म्हणून ती बदलली जाते आणि त्याच सीडीवरून सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यास घेतले जाते. अनुक्रमांक स्वीकारला जातो, पण शेवटच्या पायरीवर ‘ॲक्टिव्हेशन’ होऊ शकत नाही असा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. पूर्ण मूल्य देऊन, सचोटीने घेतलेली वस्तू हातात असते. ती वापरता मात्र येत नाही. छोटी मुद्रणालये, डीटीपी केंद्रे आणि संस्थांची कार्यालये यांना हा अनुभव आता नवा राहिलेला नाही.

ॲक्टिव्हेशनची व्यवस्था मुळात नक्कल रोखण्यासाठी आली. सॉफ्टवेअर बसवताना त्याचा अनुक्रमांक आणि त्या संगणकाच्या यंत्रसामग्रीवरून तयार केलेली एक खूण कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. तो क्रमांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक संगणकांवर वापरला गेला नाही ना, हे पाहून सर्व्हर अनुमती धाडतो. ती अनुमती त्या एका संगणकापुरती नोंदली जाते. म्हणूनच कंपनीने सर्व्हर बंद केला, तरी चालू असलेल्या यंत्रावर काहीच जाणवत नाही. काम वर्षानुवर्षे सुरळीत चालते. यंत्र बिघडते त्या दिवशीच किल्ली केव्हाच हरवली होती हे उमगते, आणि तोवर दाद मागण्याची वेळही टळून गेलेली असते.

अ‍ॅडोबी या अमेरिकन कंपनीच्या ‘क्रिएटिव्ह सूट’ या संचाचे उदाहरण बोलके आहे. छायाचित्रांसाठी फोटोशॉप आणि पृष्ठमांडणीसाठी इनडिझाइन ही त्यातली प्रमुख साधने. २००५ साली आलेल्या ‘सीएस २’ या आवृत्तीचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१२ संपता संपता बंद झाले. कंपनीने त्या वेळी एक उचित गोष्ट केली: ॲक्टिव्हेशनची गरज नसलेली प्रत आणि तिचा अनुक्रमांक जुन्या ग्राहकांसाठी उपलब्ध करून दिला. ते पान कोणालाही उघडता येत असल्याने २०१३ च्या जानेवारीत ‘सीएस २ फुकट मिळते’ अशी आवई जगभर उठली आणि ही सोय केवळ परवानाधारकांसाठी आहे, असा खुलासा कंपनीला करावा लागला. पुढे ती सोयही काढून घेण्यात आली. २००७ च्या ‘सीएस ३’ची गत वेगळी झाली नाही. मूळ सीडी असली तरी या दोन्ही आवृत्त्या आता पुन्हा बसवता येत नाहीत, असे कंपनी स्वतःच सांगते. जुने सर्व्हर सांभाळणे खर्चाचे आणि जोखमीचे असते, हे मान्य करावे लागेल. परंतु कुलूपच नसलेली प्रत देणे शक्य होते, हे कंपनीनेच एकदा दाखवून दिले होते. ती प्रत परत घेण्यामागचे कारण ग्राहकाच्या हिताचे होते असे म्हणवत नाही.

समाजाच्या दृष्टीने खरा प्रश्न सॉफ्टवेअरचा नसून त्यात अडकलेल्या मजकुराचा आहे. पूजासंग्रह, चातुर्मास स्मरणिका, वधू-वर परिचय पुस्तिका, घराण्यांच्या वंशावळी, मंदिरांच्या पंचकल्याणकाचे विशेषांक यांतले कितीतरी साहित्य गेल्या पिढीत पेजमेकरमध्ये जुळवले गेले. पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ सालची. त्यातल्या फाइली उघडू शकणारे शेवटचे इनडिझाइन म्हणजे २०१२ चे ‘सीएस ६’. तेच कंपनीचे एकरकमी विकत मिळणारे शेवटचे इनडिझाइन ठरले. नंतरची सारी भाडेतत्त्वावर, आणि जुनी पेजमेकर फाइल न ओळखणारी.

त्यावर अक्षरांची अडचण. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर णमोकार मंत्राच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. काही मराठी प्रणालींना संगणकाच्या मागे खोचायचे छोटेसे ‘लॉक’ असे. ते ज्या जुन्या पोर्टात बसे, ते पोर्टच आजच्या संगणकाला नसते.

अशा वेळी कोणीतरी सहज सुचवतो की कुलूप फोडलेली, म्हणजे ‘क्रॅक’ केलेली प्रत मिळते, तीच वापरावी. पैसे तर आपण दिलेलेच आहेत. अचौर्याणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाला हा युक्तिवाद पटकन गिळता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरीचा माल घेणे. फोडलेली प्रत ज्याच्याकडून येते, त्याला ती देण्याचा अधिकार नसतो. शिवाय तिच्यासोबत संगणकात काय शिरेल याचा भरवसा नसतो. पण त्याच पाच अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ही आहे: देताना कमी मापाने देणे, घेताना अधिक मापाने घेणे. ‘विक्री’ म्हणून किंमत घ्यायची आणि हाती मात्र मुदत न सांगितलेला परवाना ठेवायचा, हा व्यवहार या वर्णनापासून फार दूर नाही. व्रताची कसोटी एकट्या ग्राहकाला लावून चालणार नाही.

कायद्यालाही हे मापातले अंतर दिसू लागले आहे. अ‍ॅडोबीचे मुख्यालय ज्या कॅलिफोर्निया राज्यात आहे, तिथे १ जानेवारी २०२५ पासून नवा नियम लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूसाठी ‘खरेदी’ हा शब्द विक्रेत्याने सरसकट वापरू नये, असे तो सांगतो. पूर्वी घेतलेल्या सीडी मात्र त्यामुळे पुन्हा चालू होत नाहीत.

ज्या कार्यालयात जुना संगणक अजून सुरू आहे, तिथे तो बंद पडण्याची वाट न पाहता काम हाती घेतलेले बरे. प्रत्येक जुन्या पुस्तकाची फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ काढावी. पुस्तक जसे छापले तसे त्यात टिकते. मजकूर मात्र युनिकोडमध्ये वेगळा उतरवून घ्यावा, कारण पुढची आवृत्ती त्यावरूनच निघेल. रूपांतर करणारी साधने साध्या गद्याला पुरतात; प्राकृत गाथांतील जोडाक्षरे, अनुस्वार आणि अवग्रह यांत ती हमखास चुकतात, तेव्हा जाणकाराने मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावे. ज्यांचा संगणक आधीच गेला आहे, त्यांनाही एक वाट उरते. लिबरऑफिस या विनामूल्य सॉफ्टवेअरला कोणत्याच ॲक्टिव्हेशनची गरज नाही आणि २०१५ पासून ते पेजमेकरच्या फाइली उघडते. मांडणी थोडीफार विस्कटते, पण जुना फॉन्ट हाताशी असेल तर मजकूर वाचता येतो.

श्रुतपंचमीला शास्त्रांची वेष्टने सोडून पाने निरखण्याची, नवी वेष्टने घालण्याची चाल अनेक मंदिरांत आहे. त्याच दिवशी संस्थेच्या कपाटातील सीडी आणि पेन ड्राइव्हही बाहेर काढून एकेक फाइल उघडून पाहता येईल. जी उघडणार नाही, तिची यादी करावी आणि त्या पुस्तकाची छापील प्रत कोणाच्या घरी आहे, याचा शोध त्याच आठवड्यात सुरू करावा.