हौशी विमानाची पेट्रोल-टांकी

अमेरिकेंत स्वतःच्या हातांनीं लहान विमान बांधून तें उडविणारे हौशी लोक हजारोंनीं आहेत. एंजिन आणि पंख यांचा विचार ते पुष्कळ करतात. परंतु पेट्रोलची टांकी म्हणजे उरलेल्या जागेंत बसवावयाचा एक डबा, असा एखाद्याचा समज असतो. तो घातक आहे. आडांत नसेल तर पोहऱ्यांत येत नाहीं, हें खरेंच; पण विमानांत आडांत असूनहि पोहऱ्यांत न येणें हा त्याहून मोठा धोका होय.

प्रथम आकारमान पाहूं. ८० अश्वशक्तीचें एंजिन प्रवासांत सुमारें ६० अश्वशक्तीवर चालतें असें धरावें. दर अश्वशक्तीस ताशीं अदमासें ०.३ लिटर, म्हणजे तासाला १८ लिटर पेट्रोल लागेल. तीन तासांस ५४ लिटर झालें. दिवसाच्या उड्डाणास तेथील नियमाप्रमाणें अर्ध्या तासाची शिल्लक लागते. ती ९ लिटर. तळाशीं राहून एंजिनास कधींच न मिळणारें २ लिटर धरलें, म्हणजे बेरीज ६५ होते. उष्णतेनें पेट्रोल फुगतें, म्हणून शेंकडा दोन जागा रिकामी ठेवावी. १०० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व १७ उंच अशा पेटींत ६८ लिटर मावतें. तेवढ्यानें काम भागतें.

आतां वजन. एक लिटर पेट्रोल सुमारें ७२० ग्रॅम भरतें. ६५ लिटरांचे जवळजवळ ४७ किलोग्रॅम होतात. हें वजन वाटेंत घटत जातें, म्हणून टांकी विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असावी. नाहीं तर निघतांना साधलेला तोल उतरतांना बिघडतो. पेट्रोल हिंदकळूं नये म्हणून आंत भोंकें पाडलेले आडपडदे घालावेत.

नळीचें वरचें तोंड अंगठ्यानें दाबलें असतां आंतील पाणी अडतें. हवेचें छिद्र बुजलेल्या टांकीचें तसेंच होतें. पाणी पेट्रोलहून जड. तें काढण्यास सर्वांत खालीं खोलगट जागा व तोटी हवी, आणि एंजिनाकडे जाणारी नळी तिच्या किंचित् वर, तोंडाशीं जाळी लावून बसवावी. शेवटीं विमानाचें नाक चढणीप्रमाणें वर उचलून प्रवाह मोजावा. पंपाशिवाय उतरणारें पेट्रोल पूर्ण शक्तीच्या गरजेच्या दीडपट आलें पाहिजे.

एवढें करूनहि कॉकची जागा चुकली तर सर्व व्यर्थ. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे दुसऱ्या एका हौशी माणसानें बांधलेलें विमान उडवीत असतां कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत कोसळून मरण पावले. टांकी बदलण्याचा कॉक त्यांच्या डाव्या खांद्यामागें होता. त्यावर खुणा नव्हत्या, आणि पेट्रोलची पातळी दाखविणाऱ्या कांचांवरहि नव्हत्या. पेट्रोल न भरतांच ते निघाले होते. कॉक फिरविण्याच्या खटपटींत विमानाचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

म्हणून पत्रा कापण्यापूर्वी बांधणाऱ्यानें आसनावर पट्टा बांधून बसावें, नजर समोर ठेवावी, आणि हात कॉकपर्यंत सहज पोहोंचतो कीं नाहीं तें पाहावें. टांकीची आंखणी तेथून सुरू होते.