‘खोली हवी होती’चे इंग्रजी

दहा-पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेला मराठी पदवीधर उच्च शिक्षणासाठी लंडनला पोहोचतो, तेव्हा प्राध्यापकांचे व्याख्यान समजण्यात त्याला फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती पहिल्याच आठवड्यात, बसथांब्यावर आणि भाड्याच्या खोलीच्या दारात. प्रश्न व्याकरणदृष्ट्या अचूक असतो, तरी उत्तर तुटक मिळते. आपले काय चुकले, हे त्याला कळत नाही. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात मराठीतून विचारपूस करता येते. बसचालकाशी मात्र इंग्रजीतच बोलावे लागते.

मराठीत नम्रता सर्वनामात आणि क्रियापदात वसते. ‘सांग’, ‘सांगा’, ‘सांगता का’, ‘सांगाल का’ या पायऱ्या मराठी मूल घरीच चढते. त्यात ‘जरा’ आणि ‘हो’ मिसळले, वर ‘काका’ किंवा ‘ताई’ जोडले, की अनोळखी माणूसही क्षणभर नात्यातला होतो. ‘कृपया’ हा शब्द आपल्याकडे पाट्यांवर असतो. भाजीवालीला तो कोणी ऐकवीत नाही. इंग्रजीत यातले काहीच चालत नाही. तेथे ‘तू’साठी असलेला ‘दाऊ’ हा शब्द रोजच्या बोलण्यातून केव्हाच मागे पडला आणि मुळात अनेकवचनी असलेला ‘यू’ सर्वांसाठी उरला. म्हणजे इंग्रज माणूस सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हणतो, अगदी घरच्या कुत्र्यालासुद्धा! सर्वांना एकच सर्वनाम असल्यावर आदर दाखवायचा कोठे? तो वाक्याच्या बांधणीत दाखवावा लागतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या आधारे नम्रतेचा सिद्धांत मांडला. १९८७ मध्ये तो स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने आला. जवळीक दाखवून केलेली नम्रता आणि समोरच्याच्या मोकळिकीला धक्का न लावता केलेली नम्रता, असे दोन प्रकार त्यांनी सांगितले. आपले ‘काका’ पहिल्या प्रकारात मोडतात. अनोळखी माणसाला प्रश्न विचारणारा इंग्रज दुसऱ्या प्रकाराचा आधार घेतो. ‘तुम्हाला वेळ नसेल, माहीत नसेल, सांगायचे नसेल, तरी हरकत नाही’ एवढी पळवाट तो समोरच्याला वाक्यातच ठेवून देतो.

ही पळवाट ठेवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे आडून विचारणे. ‘व्हेअर इज द बस स्टॉप?’ असे न विचारता ‘एक्स्क्यूज मी, कुड यू टेल मी व्हेअर द बस स्टॉप इज?’ असे विचारायचे. यातला ‘इज’ शेवटी गेला आहे, याकडे लक्ष द्यावे. प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी आणायचे, हे शाळेत घोकून घोकून पाठ केलेले असते. आडून विचारताना नेमके तेच विसरावे लागते, आणि म्हणूनच ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द बस स्टॉप’ असे वाक्य शिकलेल्यांच्याही तोंडून सर्रास निघते. वास्तविक मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. ‘थांबा कुठे आहे?’ आणि ‘थांबा कुठे आहे ते सांगाल का?’ यांत मराठी शब्दक्रम बदलतच नाही. हो-नाही असे उत्तर असलेल्या प्रश्नात ‘इफ’ येतो आणि ‘डज’ गळतो : ‘कुड यू टेल मी इफ धिस बस गोज टू पॅडिंग्टन?’ लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा नवख्याला ‘कुड यू टेल मी इफ आय कॅन पे विथ धिस कार्ड?’ हेही वाक्य पहिल्याच दिवशी लागते.

दुसरी रीत भूतकाळाची. ‘आय वॉज वंडरिंग इफ द रूम इज स्टिल अव्हेलेबल’ या वाक्यात खोली आजची आणि विचारणाही आजचीच, मग ‘वॉज’ कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. त्याने वाण्याच्या दुकानातले आपलेच बोलणे आठवावे. ‘अर्धा किलो साखर हवी होती’, ‘तुमच्याकडे एक काम होते’, ‘जरा विचारायचे होते’ ही वाक्ये आपण वर्तमानातल्या गरजेसाठीच वापरतो. भूतकाळात ढकलली की मागणीची धार बोथट होते, हे मराठीलाही पुरते ठाऊक आहे. ‘खोली हवी होती’ म्हणणारा माणूस इंग्रजीत ‘आय वॉन्ट अ रूम’ म्हणतो, तेव्हा त्याची घरची नम्रता वाटेतच गळून पडलेली असते. ‘प्लीज गिव्ह मी’मध्ये ‘प्लीज’ असले, तरी वाक्य आज्ञार्थीच राहते.

दोष शिकणाऱ्याचा नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी आत्मसात केले. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तरीही परीक्षेत गुण मिळतात ते अर्थ जुळल्याबद्दल. अनोळखी माणसाला कसे विचारावे, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत फारसा येत नाही.

सुराचीही गोष्ट आहे. जॉन गम्पर्झ यांच्या १९८२ च्या पुस्तकात ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहाचे उदाहरण येते. तेथे नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उद्धट आहेत, अशी तक्रार होती. त्या बोलत फारच थोडे. जेवण घेणाऱ्याला रस्सा हवा का, हे विचारताना त्या ‘ग्रेव्ही’ एवढाच शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. ब्रिटिश बायका तोच शब्द चढत्या सुरात म्हणत. उतरता सूर ऐकणाऱ्याला ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असा वाटे. विचारणाऱ्या स्त्रियांच्या मते मात्र त्यांनी रीतसर विचारलेले असे. दोन्ही बाजूंना ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा झाली, तेव्हा गैरसमज निवळू लागला.

खोलीच्या व्यवहारात गैरसमजाची किंमत पौंडांत मोजावी लागते. उद्धट वाटू नये म्हणून अनेकजण पैशांचे प्रश्न विचारतच नाहीत, आणि खरे नुकसान तेथे होते. जाहिरातीत भाडे आठवड्याचे आहे की महिन्याचे, हे प्रथम विचारावे. आठवड्याला २०० पौंड म्हणजे महिन्याला ८०० नव्हे. ५२ आठवड्यांचे पैसे १२ महिन्यांत विभागले की सुमारे ८६७ होतात. ‘कुड आय आस्क इफ बिल्स आर इन्क्लूडेड?’ या एका प्रश्नात वीज, गॅस, पाणी आणि इंटरनेट येऊन जाते. वर्षाचे भाडे ५० हजार पौंडांच्या आत असेल, तर इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत घरमालकाला मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते. घरमालक त्याच घरात राहत असेल, तर मात्र ही सक्ती नाही. म्हणून ‘कुड यू टेल मी व्हिच स्कीम द डिपॉझिट विल बी हेल्ड इन?’ असे विचारण्यात संकोच नको. प्रश्न कायद्याचा असला, तरी अशा बांधणीत तो संशय घेतल्यासारखा वाटत नाही.

उत्तर ऐकण्याचीही तयारी हवी, कारण नकारही तितकाच गुंडाळलेला असतो. ‘आय अॅम अफ्रेड इट्स गॉन’ म्हणणारा घाबरलेला नसतो. खोली गेली, एवढेच तो सांगत असतो. ‘वुड यू माइंड’ने सुरू होणाऱ्या प्रश्नात तर होकार-नकार उलटे होतात. ‘वुड यू माइंड पेइंग बाय बँक ट्रान्स्फर?’ याचा शब्दशः अर्थ ‘बँकेतून पैसे भरायला तुमची हरकत आहे का?’ असा. मान्य असेल, तर ‘नो, नॉट अॅट ऑल’ म्हणावे लागते. उत्साहाने ‘येस, येस’ म्हटले, तर घरमालक गोंधळात पडतो.