धान्याच्या कोठीला खालचे तोंड

वसतिगृहाचा इतिहास लिहिताना इमारती, देणगीदार, निकाल आणि पारितोषिके यांची नोंद होते. धान्याच्या कोठीची नोंद सहसा होत नाही. वस्तुतः निवासी शाळेचा फळा उभा राहतो तो कोठीच्या आधारावर. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आपल्या कोठीघरातील एका लहानशा बदलाविषयी लिहीत आहोत. वरून धान्य भरावयाची आणि वरूनच उपसावयाची पत्र्याची कोठी आता पायांवर उभी आहे, आणि तिचे धान्य खालच्या झडपेतून आपोआप घमेल्यात उतरते. हा बदल कसा केला, त्यामागचा हिशेब काय आणि अशी कोठी घरी करून घ्यावयाची असल्यास कोणती काळजी घ्यावी, हे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना, विशेषतः शेतकरी कुटुंबांना, उपयोगी पडावे.

मुठीमुठीने भरलेली कोठी

कोल्हापूर ही वसतिगृहांची भूमी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग चालविण्यासाठी मुष्टिफंडाचा मार्ग धरला. घराघरांतील बायांनी दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढावे आणि त्यावर दुसऱ्याची मुले शिकावीत, अशी ती व्यवस्था होती. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही आरंभीच्या कामांत वसतिगृहालाच अग्रस्थान दिले आणि १९२५ साली सोलापुरात ते सुरू केले. शिक्षणाचा हक्क कागदावर मिळाला तरी पोटाची सोय नसेल तर गावाकडचे मूल शहरात टिकत नाही, हे या सर्वांनी ओळखले होते.

आपल्याही कोठीत येणारे बरेचसे धान्य सुगीनंतर पालकांच्या घरून येते. कोणी ज्वारीचे पोते आणतो, कोणी भात, कोणी आजऱ्याकडचा घनसाळ तांदूळ हौसेने पाठवितो. असे धान्य किडीला, घुशीला किंवा बुरशीला अर्पण होणे म्हणजे कोणाच्या तरी घासाचा अपमान होय. म्हणून कोठीची रचना हा आम्ही केवळ सुताराचा वा लोहाराचा प्रश्न मानत नाही.

वरचे तोंड आणि आत उतरणारा माणूस

आपल्याकडील धान्य साठविण्याची जुनी साधने पाहिली तर त्यांत एक साम्य दिसते. बांबूच्या किंवा तुरकाट्यांच्या विणीला शेणमाती लिंपून केलेली कणगी, गोल उभा केलेला तट्टा, वाड्यातील बळद, जमिनीतील पेव, या बहुतेकांना तोंड वरच असते. भरण्यासाठी ते सोयीचे. काढावयाचे मात्र वाकून, हात घालून, आणि तळ आला की आत उतरून.

यांपैकी पेव सर्वांत खोल. कोरड्या, घट्ट जमिनीत सुरईच्या आकाराचा खड्डा खणावयाचा, तळाला व बाजूंना पेंढा आणि भुसा लावावयाचा, धान्य भरून वरचे अरुंद तोंड मातीने बंद करावयाचे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी अशाच पेवांत हळद साठविण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरून मोठे नुकसान झाले. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की 'पेव फुटले' असे आपण म्हणतो. तो शब्द या जमिनीखालच्या कोठारांशीच नाते सांगतो.

बंद पेवात धान्याचे दाणे, किडे आणि बुरशी श्वसन करीत राहतात. आतील प्राणवायू संपत जातो व कार्बन डायऑक्साइड साचतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तोंड उघडले तरी तो तळाशीच बसून राहतो. प्राणवायू संपल्याने कीड मरते, म्हणूनच पेवातील धान्य टिकते. पण त्याच कारणाने घाईने आत उतरलेला माणूसही मरतो. जाणती माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत, मग दोरीने दिवा आत सोडीत, आणि दिवा विझला तर कोणालाही उतरू देत नसत. दिवा जळत राहिला तरी धोका टळलाच असे आज कोणी मानू नये.

पेवात उतरणारा आणि पेवातले धान्य खाणारा हे नेहमी एकच नसत. गावगाड्यात धान्याची रास मालकाच्या घरी जाई आणि खळ्यावरचे मातेरे बलुत्याच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात पडे. जोखमीची आणि अंग घाण करणारी कामे जातीने वाटून दिलेली होती. ही वाटणी केवळ इतिहासात राहिली असती तर आम्ही तिचा उल्लेख लांबविला नसता. परंतु गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला विनासाधन उतरविण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली करावा लागला, आणि त्यानंतरही त्या टाक्यांत माणसे गुदमरून मरत आहेत. मरणारे कोणत्या वस्त्यांतून येतात हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. टाकीची रचना अशी की ती माणूस आत उतरल्याशिवाय रिकामी होऊ नये, आणि समाजाची रचना अशी की उतरणारा माणूस ठरलेला असावा. या दोन रचना एकमेकींना सांभाळून असतात.

घरोघरच्या पत्र्याच्या कोठ्यांत विषारी वायूचे भय पेवाइतके नसले तरी तळ गाठण्याची रीत तीच. घरातील बारीक चणीचे पोर आत सोडावयाचे आणि त्याने पायलीने धान्य वर द्यावयाचे. वसतिगृहात हे काम स्वयंपाकघरातील मावशींच्या कंबरेवर किंवा एखाद्या लहान विद्यार्थ्यावर येते. अमेरिकेतील शेतांवरच्या प्रचंड कोठारांत तर खालून धान्य वाहत असताना वर उभा असलेला माणूस काही सेकंदांत दाण्यांत ओढला जातो. पर्ड्यू विद्यापीठ अशा अपघातांची नोंद कित्येक वर्षे ठेवीत आहे. आपली कोठी त्यामानाने फार लहान, पण लहान मुलासाठी ती लहान नसते. म्हणून आम्ही नियम धरला की कोठीत माणूस उतरणार नाही, धान्यच बाहेर येईल.

धान्य कसे वाहते

धान्य पाण्यासारखे ओतता येते, परंतु ते पाण्यासारखे वागत नाही. पाणी सपाट होते. धान्याचा ढीग राहतो. गहू-ज्वारीसारख्या गुळगुळीत दाण्यांच्या ढिगाचा उतार साधारणतः २५ ते ३५ अंशांचा असतो. भाताचा दाणा तुसामुळे खरखरीत, म्हणून त्याचा उतार त्याहून काहीसा अधिक. सपाट तळाच्या कोठीला बाजूने नुसते भोक पाडले तर हा उतार आत तसाच उरतो. आपली कोठी १ मीटर व्यासाची आणि दीड मीटर उंच आहे. तिला तळालगत एका बाजूस झडप बसविली असती, तर धान्य वाहणे थांबल्यावरही आत दीड क्विंटलाहून अधिक ज्वारी पडून राहिली असती, आणि तेवढ्यासाठी कोणाला तरी वाकावेच लागले असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सपाट तळाच्या मध्यभागी भोक पाडले तर खालचे जुने धान्य आधी बाहेर येईल असे वाटते. प्रत्यक्षात भोकाच्या वरचा मधला खांब खाली सरकतो, त्याची जागा वरच्या थरातील धान्य घेते, आणि कडेचे व तळाचे धान्य होते तेथेच राहते. म्हणजे नवे धान्य आधी निघते आणि जुने मागे उरते. कीड प्रथम लागते ती या मागे उरलेल्या धान्याला.

याउलट एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. पाण्याची टाकी रिकामी होत आली की धार मंदावते. धान्याची धार मात्र कोठी भरलेली असो वा अर्धी, जवळजवळ सारख्याच वेगाने पडते. धान्याचा बराचसा भार भिंतींवर घर्षणाने तोलला जातो, हे यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली गणिताने दाखविले होते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की कोठी उंचावर उभी करताना केवळ तळाला आधार देऊन भागत नाही. भिंतीची कडही भक्कमपणे धरली पाहिजे.

आम्ही काय केले

पर्याय दोन होते. कोठी जमिनीवरच ठेवून आत उतरता पत्रा बसवावयाचा, किंवा सपाट तळ काढून खाली शंकूच्या आकाराचे नरसाळे जोडावयाचे. पहिला पर्याय स्वस्त, परंतु ४५ अंशांचे नरसाळे आत बसविले तर सुमारे दोनशे किलो धान्याची जागा जाते. दुसऱ्या पर्यायात जागा जात नाही, उलट शंभरएक किलोंची वाढते. मात्र कोठीची उंची वाढते. दीड मीटरची कोठी, तिच्याखाली अर्ध्या मीटरच्या आतबाहेरचे नरसाळे आणि त्याखाली घमेले सरकविण्यापुरती मोकळी जागा धरली की वरचे तोंड सुमारे अडीच मीटरांवर जाते. तेथपर्यंत पोते चढविणे अवघड.

या ठिकाणी आम्ही साधा विचार केला. कोठी भरली जाते वर्षातून एकदा-दोनदा आणि रिकामी केली जाते रोज. कष्ट कोठे तरी राहणारच असतील तर ते वर्षातून एकदा येणाऱ्या कामाकडे असावेत. म्हणून दुसरा पर्याय घेतला आणि भरण्यासाठी भिंतीलगत कठड्याचा पक्का ओटा बांधला. पोते न चढविता दोघांनी घमेल्याने धान्य वर द्यावे, अशी पद्धत ठेवली.

शंकूचा उतार ४५ अंशांचा ठेवल्याने भातासह सर्व धान्य पूर्ण उतरते. मात्र कडेचे धान्य मधल्याच्या बरोबरीने सरकावयाचे तर उतार याहून बराच तीव्र लागला असता आणि उंची आणखी वाढली असती. त्याऐवजी नवे धान्य भरण्यापूर्वी कोठी एकदा पूर्ण रिकामी करावयाची, असा नियम घालून घेतला. झडप सरकती, १५ सेंटीमीटर चौकोनी, कडी-कुलपाची. तिच्या कडेला रबराची पट्टी आहे, जेणेकरून ओलावा व किडे शिरू नयेत.

भरलेल्या कोठीचे वजन एक टनाच्या घरात जाते. चार पायांवर प्रत्येकी सुमारे अडीचशे किलो भार येतो, तो शहाबादी फरशीवर सोडून चालत नाही. फरशी काढून काँक्रीट केले, पायांना खाली लोखंडी पाटे दिले, तिरके आधार जोडले आणि कोठीच्या कडेला लोखंडी कडे घालून भार त्यावर घेतला. उद्यमनगरातील कोणत्याही चांगल्या कारागिरास हे काम जमते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो व त्याने ताप येतो, म्हणून ते काम उघड्यावर करावे, आणि जोडावरचा उडालेला थर पुन्हा झाकून घ्यावा.

वापरताना

धान्य साठविण्यापूर्वी चांगले वाळलेले असावे. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर वर्षभर चिंता नसते. राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी. ओलसर धान्य झडपेवर कमान धरते आणि धार थांबते. अशा वेळी बाहेरून लाकडी मोगरीने शंकूवर ठोकावे. वरून कोणीही आत उतरू नये. वरच्या तोंडाला आम्ही मजबूत जाळी कायमची बसविली आहे. तिच्यातून धान्य जाते, मूल जाऊ शकत नाही. किडीसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात वा वसतिगृहात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो.

सतिपट्ठान सुत्तात भगवान बुद्धांनी दोन्हीकडे तोंड असलेल्या, नाना धान्यांनी भरलेल्या पिशवीची उपमा दिली आहे. डोळस माणूस ती उघडतो आणि हे साळी, हे मूग, हे तीळ, असे वेगवेगळे पाहतो. उपमा देहाच्या निरीक्षणासाठी आहे. तरी आम्हांस ती कोठीघरातही आठवते. खालचे तोंड असले की तळाचे धान्यही नजरेस पडते. आता रोज काढलेले धान्य मोजून वहीत लिहिले जाते आणि कीड दिसली तर त्याच दिवशी कळते.

बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात यंत्राची बाजू ठामपणे मांडली. माणसाला पशूच्या पातळीवरून वर यावयाचे तर फुरसत हवी, आणि ती यंत्राने कष्ट हलके केल्यावाचून मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. एक झडप आणि एक शंकू म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. परंतु सकाळच्या घाईत मावशींना कोठीत अर्धे शरीर घालावे लागत नाही, आणि पहिल्या तासाला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या केसांत भुसा नसतो, एवढे त्याने साधले आहे.

उरलेल्या कोठ्यांचे काम पुढील सुगीपूर्वी व्हावे असा मानस आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांचा वेल्डिंगचा वा पत्र्याचा व्यवसाय आहे, त्यांनी एखादा रविवार द्यावा. आणि ज्या पालकांना घरची कोठी बदलावयाची आहे, त्यांनी धान्य घेऊन याल तेव्हा कोठीघरात येऊन मापे उतरून घ्यावीत.