चामोर्शीत प्लॉट घेताय? उद्या तो कोण विकत घेईल, ते आधी पाहा

चामोर्शी : लेकीचं लग्न, पोराचं शिक्षण, दवाखान्याचा खर्च. घर किंवा प्लॉट विकायची वेळ कोणावरही येते. तेव्हा भाव किती मिळेल हे रस्ता, बाजार, शाळा यांवर ठरतं, असं आपण धरून चालतो. पण आपल्या तालुक्यात त्याआधी दुसराच प्रश्न येतो : ती जागा तुमच्याकडून घेऊ शकणारे लोक किती?

1 जानेवारी 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कोनसरीत लॉयड्सच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. तेव्हापासून 'कोनसरीपासून इतक्या मिनिटांवर' हे वाक्य प्लॉट दाखवणाऱ्याच्या तोंडी असतंच. कारखाना आला की भाड्याने खोल्या लागतात, हे खरं. पण अंतर मोजण्याआधी सातबारा काढा. तो मोबाईलवरही दिसतो.

सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असेल तर थांबा. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगल जमिनींना वनजमीनच मानलं आहे. वनहक्काचा पट्टाही तसाच. 2006 च्या कायद्याने तो वारसांकडे जातो, विकता येत नाही. 'स्टॅम्पवर लिहून देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलात, तर पुढे तुम्हीही कोणाला तो कायदेशीर विकू शकणार नाही.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर महसूल कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. हा कायदा आदिवासींची जमीन वाचवण्यासाठी आहे आणि तो असायलाच हवा. घेणाऱ्याने एवढंच समजून घ्यावं, की परवानगीशिवायचा सौदा अडकतो. भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनीलाही विक्रीआधी परवानगी लागते.

आता अकृषक, म्हणजे एनए. शेतीच्या सातबाऱ्यावर चुन्याने पट्टे मारून केलेला प्लॉट स्वस्त मिळतो खरा. पण त्यावर बँक घरकर्ज द्यायला सहसा तयार नसते. म्हणजे उद्या तुमचा ग्राहक सगळी रक्कम रोख मोजणाराच हवा. चामोर्शीसारख्या गावात असे किती निघतील? नोकरदार शिक्षक, कर्मचारी कर्ज काढूनच घर घेतात, आणि चांगला भाव देणारेही बहुतेक तेच. म्हणून मंजूर लेआऊटचा प्लॉट थोडा महाग पडला तरी विकताना तो लवकर निघतो.

कागद ठीक असला की मग जागा बघा, आणि ती पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात सगळ्याच बांध्या कोरड्या दिसतात. ज्या बांधीत वर्षानुवर्षं धान रोवलं, तिथे पाणी साचतं म्हणूनच ते रोवलं होतं. त्यात मुरूम टाकून घर बांधलं तर पाणी शेजारच्याकडे जाईल नाहीतर तुमच्या जोत्यात मुरेल. मामा तलावाच्या सांडव्याची वाट कुठून जाते, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

वैनगंगेकाठच्या गावांत गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्यावर पाणी कुठवर येतं, हेही विचारा. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही. पूर आला की आष्टीकडची वाट बंद होते का, हे ग्राहकही विचारणारच.

रस्त्याबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. दुकान काढायचं असेल तर हमरस्त्याला लागून घ्या. राहायचं घर मात्र थोडं आत बरं. खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि रात्रीचा आवाज ग्राहकाला एका भेटीत कळतो. शिवाय रस्ता रुंद झाला तर अंगण जातं. आतल्या घराला मात्र पोचरस्ता नकाशात हवा, नुसता शेजाऱ्याच्या तोंडी नको.

गावठाणातलं जुनं घर घेत असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. ज्या गावांत स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली आहे, तिथे विकणाऱ्याच्या नावाचं मालमत्ता पत्रक मागा. त्यावरचं नाव आणि रजिस्ट्रीवर सही करणाऱ्याचं नाव एकच आहे का, ते इसार देण्याआधी पाहा. भाऊ-बहिणींची नावं असतील तर त्या सगळ्यांच्या सह्या लागतील.